बोटीवरून परत आलेला मुलगा

बाई, नमस्कार. आम्ही फोंडा तालुक्यातले, गावाचं नाव लिहीत नाही. माझा मुलगा २६ वर्षांचा. किनाऱ्याकडे एका हॉटेलात कामाला होता, तिथे पावडरीची सवय लागली. गर्द. दीड वर्ष आम्हाला पत्ता नव्हता. कळलं तेव्हा एका खासगी केंद्रात ३ महिने ठेवला आणि गावात सांगितलं, बोटीवर गेलाय. वाड्यावरचे चार-पाच मुलगे बोटीवर आहेत, कुणाला शंका आली नाही. केंद्रातून आला आणि महिन्याभरात पुन्हा तेच. मग सरकारी इस्पितळात नेला. त्यांनी जिभेखाली ठेवायची गोळी सुरू केली. आता ७ महिने झाले, गर्दला शिवलेला नाही. एसी दुरुस्तीच्या कामाला जातो. पण ह्यांचं म्हणणं, एक नशा सोडवली नि दुसरी लावली, आता बास, गोळी बंद.

दुसरं म्हणजे धाकट्या मुलीला सोयरीक आली आहे. घर चांगलं आहे. मुलाचं त्यांना काही ठाऊक नाही. सांगायचं का?

आणि तो हल्ली बाहेर सोप्यावर बसत नाही. चवथीला त्याने दुपारभर आरतीला वाजवायचं घुमट मागच्या अंगणात उन्हाला ठेवलं होतं, चामडं ताणायला. संध्याकाळी आरतीवाले आले तेव्हा ते दुसऱ्याच्या हातात दिलं नि आत जाऊन बसला. मला ते बघवलं नाही.
– एक आई

ताई,

गोळीकडे आणि सोयरिकीकडे येतेच. आधी त्या बोटीचं बोलू, कारण बाकीचं सगळं तिच्यात अडकलंय असं मला तुमचं पत्र दोनदा वाचून वाटलं.

गोव्यात माणूस गायब करायला बोटीइतकं सोयीचं कारण दुसरं नाही. तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, नऊ-नऊ महिने दिसत नाही, कुणी भुवई वर करत नाही. पण बोटीवरचा मुलगा परत येतो तेव्हा काय काय घेऊन येतो, हे सगळ्या वाड्याला पाठ असतं. तुमचा आला तो रिकाम्या हाताने आणि बारीक होऊन. आता ७ महिने तो 'सुट्टी'वर आहे. येता-जाता कुणी ना कुणी विचारत असणार, "कितें रे, परत केन्ना वतलो?" परत कधी जाणार? कुठली कंपनी, कुठलं बंदर, आमच्या अमक्याला ओळखतोस का. विचारणारा कुचका नसतो. त्याचा स्वतःचा मुलगा तिकडे असतो, म्हणून तो मायेनेच विचारतो. आणि त्या मायेला तुमच्या मुलाला रोज खोटं उत्तर द्यावं लागतं.

दीड वर्ष हा मुलगा खोटं बोलूनच नशा चालवत होता. पैसे कुठे गेले, रात्री कुठे होतास, डोळे लाल का. आता तो नशेतून बाहेर पडला, तर घराने त्याच्याकडे पुन्हा खोटं बोलायचंच काम दिलं. सोप्यावर बसायचं म्हणजे बोटीच्या गप्पा मारायच्या, आणि त्या मारण्यापेक्षा न्हाणीघराच्या बाजूला एकटं बसलेलं त्याला बरं वाटतं. घुमट तापवणं त्याला जमलं, कारण तेवढ्यात कुणी प्रश्न विचारत नाही. वाजवायला माणसांत बसावं लागतं.

हे मी शहाणपणाने लिहीत नाहीये. बऱ्याच वर्षांपूर्वी, शाळेत शिकवत होते तेव्हा, माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांना मीच सांगितलं होतं की गप्प राहा, लोक विसरतात. मुलगा उपचारासाठी बांबोळीला जायचा. पणजीच्या कदंब बसस्टँडवर बस बदलायचा आणि तिथल्या गोमेकॉसमोर, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजसमोर, उतरायच्या ऐवजी पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत यायचा. गावातलं कुणी बघेल म्हणून. पावसाळा आला. छत्री घेऊन तेवढं मागे चालत यायचा कंटाळा आला, एक तारीख चुकली, मग दुसरी. डॉक्टरांना वाटलं बरा झाला असेल, घरच्यांना वाटलं जातोय. तो परत पावडरीवर गेला तेव्हा आम्हा सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं: इच्छाशक्तीच नाही. एका बसथांब्याच्या अंतरात त्याची इच्छाशक्ती संपली होती, आणि ते अंतर मी आखून दिलं होतं. आज तो ठीक आहे. मधली पाच वर्षं मात्र गेली.

केंद्र सरकारने एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली होती, तिचा अहवाल २०१९ साली आला. बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्यांपैकी फार थोड्यांपर्यंतच उपचार पोचतात, असं त्यात आहे. दारूच्या बाबतीत तर ३८ जणांत एकालाच उपचार मिळतात. त्यात केंद्रं कमी आहेत, औषधं पोचत नाहीत, पैसे नसतात, ही कारणं आहेतच. पण उरलेल्यांमधले कितीतरी कुठल्या ना कुठल्या बोटीवर असणार, ही माझी खात्री आहे.

आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. गोव्यात ड्रग्ज म्हटलं की डोळ्यापुढे हणजुणचे हिप्पी येतात, कळंगुट-बागाच्या रात्री येतात. ते 'तिकडचं', किनाऱ्याकडचं. फोंडा, डिचोली, सत्तरी म्हणजे देवळं, कुळागरं, भजनी सप्ताह. त्यामुळे आपल्या घरात हे घडलं तर आपल्याकडे त्यासाठी शब्दच नसतात. दारूसाठी निदान 'बेबदो' आहे. माझे एक काका होते, आयुष्याची बरीच वर्षं त्यांनी प्यायली. गावात रस्ता सांगताना लोक म्हणायचे, "बेबद्याच्या घरापाशी उजवीकडे वळ." पुढे काकांनी दारू सोडली. ११ वर्षं थेंबाला शिवले नाहीत, वारले तेव्हाही कोरडेच होते. रस्ता सांगायची पद्धत तीच राहिली. एकदा त्यांच्या देखत कुणीतरी पाहुण्याला तसं सांगितलं, तर काका हसले आणि स्वतःच हात उजवीकडे करून दाखवला. ते हसणं मी अजून विसरले नाही.

गर्दुल्ला, चरसी, नशेडी, बेवडा. माणसाच्या आजाराचं एकदा नाव पाडलं की त्याचं स्वतःचं नाव पुसतं. माझ्या बहिणीला मधुमेह आहे, तिला कुणी साखरवाली म्हणत नाही. तुमच्या पत्रात तुम्ही हे शब्द कुठेच वापरले नाहीत, ते मला जाणवलं. 'ह्यांनी' रागाच्या भरात वापरले असतील तर ते मात्र बंद व्हायला हवेत. तो ते ऐकतो, आणि कधीतरी रात्री एकटा असताना खरे मानतो. 'मी आहेच असा' हे एकदा मनात बसलं की पुढचं पाऊल सोपं होतं.

आता गोळी. इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण तुमचे यजमान चुकीचं बोलतायत आणि या चुकीने जीव जाऊ शकतो.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून ती गोळी ब्युप्रेनॉर्फिनची असणार, बहुतेक नालॉक्सोनसोबतची. खात्री डॉक्टरांच्या कागदावरून करून घ्या. गर्द म्हणजे हेरॉइनचंच अशुद्ध, भेसळीचं रूप. अफूच्या कुळातली ही द्रव्यं मेंदूत ठरावीक जागी जाऊन बसतात. त्या जागा मुळात आपल्या शरीराच्या स्वतःच्या वेदनाशामकांसाठी असतात. बाहेरून रोज भरपूर मिळायला लागलं की शरीर आपलं काम आवरतं घेतं. मग ते मिळालं नाही की टर्की लागते. तुम्ही ती पाहिली असेल: एकामागून एक जांभया, नाक-डोळे गळणं, अंगावर काटा, जुलाब, आणि पाय असे दुखतात की माणूस अंथरुणात सायकल चालवल्यासारखे पाय हलवत राहतो. शेवटचं घेतल्यापासून आठ-बारा तासांत सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं, आठवड्याभरात अंगातलं ओसरतं. मनातली ओढ ओसरत नाही. ती महिनोन् महिने राहते. त्या ३ महिन्यांच्या केंद्रात त्याची टर्की गेली, ओढ तशीच घरी आली, आणि ओढीला औषध कुणी दिलं नव्हतं.

ही गोळी त्याच जागी जाऊन बसते, पण काम अर्धंच करते. त्यामुळे टर्की लागत नाही, आणि सवयीच्या माणसाला झिंगही चढत नाही. ठरावीक मात्रेच्या पुढे जास्त घेतली तरी परिणाम त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय ती जागा इतकी घट्ट धरून ठेवते की वरून गर्द ओढलं तरी त्याला बसायला फारशी जागा उरत नाही. सोबतचं नालॉक्सोन अशासाठी की कुणी गोळी विरघळवून सुईने घ्यायला गेला तर मजा यायच्या ऐवजी टर्कीच लागावी. जिभेखाली ठेवली तर ते नालॉक्सोन जवळजवळ काहीच करत नाही. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ब्युप्रेनॉर्फिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. अशा औषधांवर असलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतं, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय.

'दुसरी नशा' म्हणायला हरकत नाही, पण मग नशेची लक्षणं दाखवा. गोळीसाठी तो खोटं बोलतो का? उधारी करतो का? दर महिन्याला मात्रा वाढवून मागतो का? गोळी घेऊन आडवा पडतो का? तुमच्याच पत्रात लिहिलंय, तो एसी दुरुस्त करायला जातो. शिडीवर चढून, विजेच्या तारांत हात घालून काम करणारा मुलगा आहे हा. गोळी एकदम बंद केली तर त्रास होईल, हे खरं. म्हणजे शरीर तिच्यावर अवलंबून आहे. तुमचे यजमान रक्तदाबाची गोळी घेत असतील, त्यांच्या वयात बहुतेक घेतात, तर त्यांनाही ती एकदम बंद करू नका असंच सांगतात. नशा म्हणजे नुसतं अवलंबून असणं नव्हे. आयुष्य जळत असतानाही तीच गोष्ट घेत राहणं, ती नशा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गर्दला ७ महिने न शिवलेल्या शरीराची जुनी सहनशक्ती, गोळी सुटली की, राहत नाही. गोळी काढली, काही दिवसांनी ओढ अनावर झाली आणि त्याने पूर्वीच्याच सवयीने पूर्वीइतकं घेतलं, तर तेवढ्याने श्वास थांबू शकतो. केंद्रातून बाहेर आल्यानंतरचे आणि औषध बंद केल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे असतात ते याच कारणाने. लोक म्हणतात, "बरा झाला होता, मग अचानक गेला." ते अचानक नसतं. म्हणून गोळी कधी आणि किती कमी करायची हे डॉक्टर आणि मुलगा मिळून ठरवतील. हळूहळू, पाव-पाव करत. कुणाला वर्ष लागतं, कुणाला तीन, कुणी त्याहून जास्त घेतात. त्याला ठरलेली मुदत नाही, आणि सोयरिकीची तारीख ही तर मुदत मुळीच नाही.

गोळीसोबत दारू आणि झोपेच्या गोळ्या मात्र नकोत, तिथे ती सुरक्षितपणे वागत नाही. लग्नघरात कुणी "अरे फेणीच तर आहे" म्हणून पुढे करेल. ते थांबवणं तुमचं काम, त्याचं एकट्याचं नव्हे. आणि देव न करो, पण कधी तो हाका मारून उठत नसेल, श्वास फार संथ किंवा घुरघुरता असेल, ओठ निळसर पडले असतील, तर १०८ ला फोन करा, कुशीवर वळवून ठेवा आणि येणाऱ्यांना स्पष्ट सांगा काय घेतलं असण्याची शक्यता आहे. 'चक्कर आली' असं सांगू नका. यावर उतारा असलेलं औषध आहे, पण ते द्यायचं हे कळायला त्यांना खरं कारण कळावं लागतं. लाजेने सांगितलेल्या 'चक्कर'पायी माणसं गेली आहेत.

त्या पहिल्या केंद्राने 'आमच्याकडे औषध नाही, फक्त मनोबल' असं सांगितलं असेल. सांगतात. मनोबल लागतंच, मी नाही म्हणत नाही. पण मोडलेल्या पायावर मनोबलाने चालायला लावणाऱ्याला आपण वैद्य म्हणत नाही.

घरातल्या पहाऱ्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, पण मी ओळखते. खिसे तपासणं, आंघोळीला गेला की मोबाईल बघणं, नोटा मोजून ठेवणं, दहा मिनिटं उशीर झाला की दारात उभं राहून वास घेणं. तुमच्यावर जे गेलंय त्यानंतर हे होणारच. पण चोरून करू नका. त्याच्याशी बसून ठरवा: पगार कुणाच्या खात्यात राहील, त्याच्या हातात किती, लघवीची तपासणी करायची तर केव्हा आणि कुणाकडून. त्याने कबूल केलेला नियम हा उपचाराचा भाग असतो, तुम्ही गुपचूप लावलेला पहारा अपमान असतो. नोट तीच, मोजणंही तेच.

घसरण होऊ शकते. या आजारात ४० ते ६० टक्के लोक कधी ना कधी घसरतात. रक्तदाब आणि दमा असलेल्यांमध्ये पुन्हा बिघडण्याचं प्रमाणही साधारण तेवढंच असतं, आणि दम्याचा झटका परत आला म्हणून आपण कुणाला घराबाहेर काढत नाही. आजच त्याला सांगून ठेवा, "कधी झालंच तर पहिल्या रात्री मला सांग. मी ओरडणार नाही, सकाळी आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ." आणि तशी वेळ आली तर खरंच ओरडू नका. हे सर्वांत अवघड आहे, मला ठाऊक आहे.

सोयरीक.

सांगायचं, असं माझं मत. पण कुणाचं कोण सांगणार, याचा क्रम असतो. गोष्ट मुलाची आहे, म्हणून आधी त्याला विचारा: तुझ्याबद्दल त्यांना सांगितलं तर चालेल का? मग मुलीला विचारा, कारण संसार तिला करायचाय. ती दोघं हो म्हणाली की साखरपुड्याच्या आधी, मध्यस्थामार्फत नव्हे तर तुम्ही स्वतः, नवऱ्यामुलाच्या आई-वडिलांना सांगा. पाच वाक्यांत. रडगाणं नको, सफाईही नको. "आमच्या मुलाला गर्दची सवय लागली होती. उपचार चालू आहेत. ७ महिने झाले, गर्द घेतलेलं नाही, कामाला जातो. औषध आणखी काही काळ चालेल. तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आमच्याकडून कळावं असं वाटलं." आणि गप्प बसा. मधली शांतता भरायला जाऊ नका. तुमचा मुलगा स्वतः सांगायला तयार असेल तर सगळ्यात उत्तम, पण त्याला उभं करून कबुलीजबाब घेतल्यासारखं होऊ देऊ नका.

मोडली तर? मोडू शकते. मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही, अशा कारणाने मोडलेल्या सोयरिकी मी पाहिल्या आहेत. पण न सांगता जमवली तर तुमची मुलगी त्या घरात सतत कान टवकारून राहील. माहेरून फोन आला की उठून बाहेर जाईल. आणि तुमच्या मुलाच्या डोक्यावर रोजचं ओझं: मी घसरलो तर बहिणीचा संसार मोडेल. काहींना वाटतं, या धाकाने तरी तो सरळ राहील. राहत नाही. असली ओझी घेऊनच माणसं पुन्हा गर्द ओढायच्या त्या पन्नीकडे जातात.

वाड्याला मात्र काही जाहीर करायचं नाही. लाऊडस्पीकर लावून प्रामाणिक व्हायची गरज नसते. फक्त बोट बुडवा. पुढच्या वेळी कुणी विचारलं की तुम्ही म्हणा, "बोटीवर नव्हता तो. आजारी होता, आता औषध चालू आहे, बरा आहे." कसला आजार विचारलं तर "त्याला वाटलं तर तो सांगेल." दोन महिने कुजबुज होईल, आणि तुम्हाला काय वाटतं, आत्ता होत नाहीये? ७ महिन्यांच्या सुट्टीवर आलेला तारवटी बघून एकालाही शंका आली नसेल असं धरून चालू नका. कदाचित अर्ध्या वाड्याला ठाऊक असेल आणि तेही तुमच्यासाठी बोट चालवत असतील. त्यांच्यातल्या तीन माणसांना तेवढं खरं सांगा, ज्यांच्यावर तुमच्या मुलाचा विश्वास आहे. तीन पुरेत. आरतीच्या मंडळातला एक त्यात असला तर फार बरं.

नोकरीवर कळेल, पोलीस येतील, ही भीती तुम्ही लिहिली नाहीत, तरी ती असते म्हणून सांगते. व्यसनाशी निगडित मानसिक त्रास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात येतो. या कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचं बंधन इस्पितळावर घातलंय. तुमच्या होणाऱ्या व्याह्यांनी जाऊन विचारलं तरी ते सांगू शकत नाहीत. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातही ६४-अ हे कलम आहे. सेवनाच्या किंवा अगदी थोड्या मालाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी व्यसनमुक्तीचा उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडला तर ते काढूनही घेता येतं. हे संरक्षण विकणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला आहे. म्हणून त्याचे केसपेपर नीट एका फायलीत ठेवा. मी बघितलंय, लाजेने घरचे आधी तेच कागद जाळतात.

पणजीत जुन्या सचिवालयाच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, बाईच्या डोक्यावर हात धरलेला. कांदोळीचा माणूस, मनाच्या उपचाराबद्दल युरोपात नाव काढलं. गोव्याने त्याला चौकात उभं केलं, मनोरुग्णांच्या इस्पितळाला त्याचं नाव दिलं, आणि त्या इस्पितळात कुणी गेला की मात्र अख्ख्या घराण्याने मान खाली घालायची. असो, विषयांतर झालं.

तुमच्याबद्दल दोन शब्द. १९८६ साली पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा वेगळा गट आहे, कारण घरचेही या आजाराने खचतात. गोव्यातही घरच्यांसाठी समुपदेशन असतं, मुलाच्या डॉक्टरांना पुढच्या खेपेला सरळ विचारा, "आणि माझ्यासाठी काय?" फोनवर बोलायचं झालं तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट. 'माझं कुठे चुकलं' हा प्रश्न तुम्ही पत्रात लिहून खोडलाय, तरी वाचता येतो. चुकलं असेल काही. सगळ्यांचं चुकतं. गर्द त्याने लागत नाही.

यजमानांना हे पत्र वाचायला द्यायची गरज नाही, पुरुषमंडळी वर्तमानपत्रातल्या बाईचं ऐकत नाहीत असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा पुढच्या तारखेला त्यांना सोबत न्या. डॉक्टरांसमोर त्यांना त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत विचारू द्या: एक नशा सोडवून दुसरी लावलीत का? मुलाच्या देखत. डॉक्टर उत्तर देतील. नाही दिलं, वैतागले, तर मला लिहा.

आणि उद्या सकाळी एक करून बघा. मुलगा गोळी घेतो ती आता कुठे? खोलीत दार लावून घेत असणार. ती बाहेर सोप्यावर घेऊ दे, यजमान चहाला बसतात त्या वेळी. गोळी जिभेखाली विरघळायला पाच-दहा मिनिटं लागतात, तेवढा वेळ त्याला बोलता येत नाही. तेही काही बोलले नाहीत तरी चालेल.